ज्यानं मला फोन लावला नाही

बालाजीदादा आज सकाळी गेला. हार्ट अटॅक.

रडायच्या आधी मला रागच आला. हे काय जायचं वय होतं का रे माणसा?

दादा गोरेगावचा, मुंबईतलं नव्हे, आमच्या हिंगोलीतलं. घरी मेंढरं, शेती. मेंढरांमागं फिरता फिरता मोबाईलवर आमचा चॅनल सांभाळायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणीही बघावा, सुधारावा असं सॉफ्टवेअर. ते बनवणाऱ्यांचं एक चॅट नेटवर्क आहे. फोटो नाही, स्टिकर नाही, नुसत्या ओळी. तिथं प्रत्येक कामाची वेगळी खोली, तिला चॅनल म्हणतात. आमच्या चॅनलवर आम्ही काही जण सॉफ्टवेअर मराठीत आणायचं काम करतो. दादा आमचा ऑपरेटर. कुणी दंगा केला की त्याला बाहेर काढायचं काम त्याचं.

पहिल्या दिवशी मी तिथं काय केलं असेल?

चक्क अर्ज लिहिला!

"महोदय, मी आपल्या कामात सहभागी होऊ इच्छिते." खाली पूर्ण नाव, मु. पो. शिरड शहापूर, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली, मोबाईल नंबर. आपल्याकडं अर्ज म्हटला की हे आलंच ना.

लगेच दादाचा प्रायव्हेट मेसेज. बोलायचा तसंच लिहायचा तो.

"ताई, हितं नाव-गाव कुनी इचारत न्हाई. टोपननाव घ्या. नंबर तर बिलकुल द्यायचा न्हाई."

"मग पुसून टाका की."

"पुसता येत न्हाई हितं. ज्यानं पाह्यलं त्यानं पाह्यलं."

मी 'लवंगी' झाले. तो 'मेंढका'.

काही महिने बरे गेले. मग एकाचं भाषांतर मी सगळ्यांसमोर चुकीचं ठरवलं. चुकीचंच होतं, अजूनही म्हणेन.

त्यानंतर एका दुपारी एक अनोळखी नाव चॅनलमध्ये आलं. त्यानं माझं पूर्ण नाव, गाव, नंबर टाकला. खाली जे लिहिलं ते मी इथं लिहिणार नाही. तेच त्यानं दुसऱ्या मोठ्या चॅनलांतही टाकलं.

फोन सुरू झाले.

आबा, माझे वडील, समोरच शेंगा फोडत बसलेले. "कुनाचा हाय गं? उचलत काहून न्हाईस?"

मी फोन पालथा ठेवला. आबांना कळलं की लॅपटॉप कपाटात, काम बंद, आणि पुढच्या आठवड्यापासून स्थळं. पक्कं ठाऊक होतं मला.

दादाला लिहिलं, "हाकला त्याला!"

"हाकलला. नेटवर्कवाल्यांना बी कळवलं. कुनाचा नंबर असा टाकनं त्यांच्या नियमात बसत न्हाई. ते त्याचं कनेक्शनच बंद करतेत."

कनेक्शन बंद झालं. तो माणूस गेला.

आणि दादाही गायब!

मी लिहितेय, उत्तर नाही. फोन वाजतोय. संध्याकाळ झाली तरी दादाचा पत्ता नाही. पळपुटा कुठला, म्हटलं. मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी माझ्या कामाच्या ईमेलवर त्याचा मेल आला.

"लवंगीताई, काल मी घरीच व्हतो, कनेक्शन बंद झालं तसा मी बी भाईर पडलो. काहून की ते माझ्याच घरचं हाय. आमच्या गल्लीत समदे माझंच वायफाय वापरतेत. तुमचा नंबर टाकनारा माझा चुलतभाऊ निघाला. तुमी ज्याच्या भाषांतरात चूक काढली त्यो त्योच. तुमचा अर्ज त्यानं तवाच जपून ठेवला व्हता. मोबाईल डेटावरून मला कालच येता आलं असतं. पन बंदी लागल्यावर दुसऱ्या रस्त्यानं घुसायचं न्हाई, हे मीच समद्यांना सांगत असतो. तुमचा नंबर डोळ्यासमोर व्हता. तुमी तो मला दिलेला न्हाई, म्हून लावला न्हाई. नेटवर्कला समदं लिहून दिलंय. माफी मागतो. आता तुमी म्हनाल तसं."

वाचून डोकं भणभणलं माझं. अरे, डेटावरून यायचं ना! इथं माझा जीव चाललाय आणि तू नियम सांगतोस?

तेवढ्यात परत फोन वाजला. या वेळी आबांनी तो हातातून घेतला आणि कानाला लावला.

पलीकडचं ऐकून त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "हे काय हाय?"

आता लपवण्यात काही राहिलं नव्हतं. मी रडत रडत सगळं सांगितलं आणि दादाचा मेल वाचून दाखवला.

आबा म्हणाले, "गोरेगाव काय लई लांब हाय? जीपात बसून घरी काहून न्हाई आला ह्यो?"

"मी त्याला पत्ता दिला नव्हता आबा."

"त्याच्यासमोर तर व्हता."

"होता."

आबांनी फोन बंद करून बाजूला ठेवला. मला वाटलं, संपलं.

"मंग दे त्याला पत्ता. म्हनावं, ये घरी."

दादा आला. आबांच्या पाया पडला. दोघं मेंढरांवरच बोलत बसले. माझा लॅपटॉप कुणी उचलला नाही. नंबर तेवढा बदलला.

दादानं घरचा वायफाय पासवर्ड बदलला, तेव्हा कुठं नेटवर्ककडं बंदी उठवायची विनंती केली. पण आमच्या चॅनलमध्ये चुलतभावाला त्यानं परत घेतलं नाही. चुलती रडली, भावकीत बोलणं तुटलं, लग्नात कुणी जेवायला बोलवेना. दादाचं एकच उत्तर, "तिला इचारा. ती व्हय म्हनली तर घेतो."

मला विचारायला कुणी आलं नाही. पुढं दादानं मलाही ऑपरेटर केलं.

आज चॅनलवर सगळे त्याच्यासाठी लिहून राहिलेत. दुपारी त्या चुलतभावाचा मेल आला. "दादासाठी दोन ओळी लिहू द्या. एकदाच."

मी तो परत परत वाचला. त्याचं दुःख खोटं नाही, हे कळतं मला. लहानपणापासून एका ताटात जेवलेले ते. पण सबंध मेलमध्ये माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. चुकलो, एवढं सुद्धा नाही.

मग मी उत्तर लिहिलं.

"नाही."

वाईट वाटतंय. खूप वाटतंय. तरी नाही.

दादा, तू निवांत जा. इथं मी आहे.