शालनमावशीचा वेढा

नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर शालनमावशी लोणची घालेल, टीव्ही बघेल असं आम्हाला वाटलं होतं. तिनं मोबाइलवर इब्री, म्हणजे हिब्रू, भाषा शिकायला घेतली. त्रेसष्टाव्या वर्षी! "येशू ज्या संदेष्ट्यांची वचनं सांगायचा, ती त्यांच्या भाषेत वाचाय नको व्हय?" म्हणे.

त्यातून बायबलमधला यहेज्केल संदेष्टा तिच्या डोक्यात शिरला. दर बुधवारी चर्चच्या मागच्या खोलीत तिनं त्याचा अभ्यासवर्ग काढला. वर्गाला आम्ही दोघंच: पंख्याखाली झोपायला येणारे एक आजोबा आणि मावशीच्या धाकानं मी. शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, "येत्या दोन बुधवारी दरवेळी दहा माणसं जमली तर ठीक, नाहीतर वर्ग बंद." उभा जन्म लोकांना इंजेक्शनं टोचून रडवणारी ही बाई त्या दिवशी स्वतः रडली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून उठली. यरुशलेमला वेढा पडणार, उपासमार होणार, हे लोकांना कळावं म्हणून देवानं यहेज्केलाला एका कुशीवर पडून तीनशे नव्वद दिवस मोजकी भाकरी खायला सांगितली होती. गहू, जव, पावटे, मसूर, बाजरी आणि खपली गहू एकत्र करून, शेणाच्या जाळावर भाजलेली. तीच भाकरी मावशी वर्गाला खाऊ घालणार होती.

पाळकसाहेब दचकले. "अहो, शेणावर भाजणं ही विटंबना समजतात."

"मग आमच्या आईनं कागलात जन्मभर विटंबनाच खाऊ घातली म्हणा की! देवानं आधी कसलं जळण सांगितलं हुतं, ते मी चर्चात बोलत न्हाय. यहेज्केलानं गयावया केली तवा गाईचं शेण मिळालं. सवलत हाय ती!"

बुधवारी चर्चच्या आवारात शेणी, म्हणजे गोवऱ्या, पेटल्या. वासावर सव्वीस माणसं आली, कारण मावशीच्या यजमानांनी, जयसिंगकाकांनी, गुपचूप पातेलंभर तांबडा रस्सा करून आणला होता. लोक ओरपत सुटले.

"वैनी, वेढा झकास झालाय!"

"उपासमार हाय ही! दुसऱ्यांदा मागू नका!" मावशी ओरडत होती. आजोबांनी तिसऱ्यांदा रस्सा घेतला.

घरी गेल्यावर मावशीनं काकांना फैलावर घेतलं. "माणसं रश्श्याला आली, संदेष्ट्याला न्हाय. पुढच्या बुधवारी रस्सा बंद."

"वर्ग जाईल की गं."

"रश्श्यावर तरलेला वर्ग मला नको."

पुढच्या बुधवारी प्रत्येकाला गार भाकरीचा तोललेला तुकडा आणि अर्धा पेला पाणी. पाळकसाहेबांनी माणसं मोजली. नऊ. मावशीचा चेहरा पार उतरला, तरी तिनं पुस्तक उघडलं.

काका बाहेर स्कूटरवर बसून होते. वर्गात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. ते आत आले, भाकरीचा तुकडा तोंडात टाकून बराच वेळ चावत राहिले.

"शालन, तीनशे नव्वद दिवस हेच खाल्लं त्यानं?"

"व्हय."

"आणि लोकांनी ऐकलं?"

"न्हाय."

काका खाली बसले. "मग कुणीतरी ऐकाय पायजे की. दहावं नाव माझं लिही. आणि पाणी दे, घास अडकलाय."

मावशीनं डोळे पुसले आणि पाणी दिलं. अर्धाच पेला.