कॅसेटमध्ये दोष नाही

धम्मदीप ओव्हाळची बस सकाळी पावणेनऊला हिंजवडीला टेकायची आणि संध्याकाळी सहाला तिथून परत निघायची. सिंहगड रोडवरची चाळीसएक माणसं कंपनीत पोहोचवायची आणि आणायची, एवढंच काम. मधल्या वेळात बाकीचे ड्रायव्हर झाडाखाली पत्ते कुटत, नाहीतर झोप काढत. धम्मदीप मात्र डबा खाऊन मागच्या लांब सीटवर पाय पसरायचा आणि गेम खेळायचा. वय वर्षं सेहेचाळीस, मिशीत पांढरे केस, आणि हातात तळव्याएवढा जुना कन्सोल. बटणांवरची अक्षरं पुसून त्याला पंधरा वर्षं झाली असतील.

गेमही एकच. इंग्रजी नाव लांबलचक होतं. बायकोला, मंदाकिनीला, सांगताना तो त्याला ‘मिठाचं राज्य’ म्हणायचा. मिठागरातली एक मुलगी सात बंदरं हिंडते, माणसं जोडते, राक्षसांशी लढते. लढाई आळीपाळीची. आपण एक वार करायचा, मग राक्षसाने.

“राक्षस असला तरी आपली पाळी येईपर्यंत थांबतो बिचारा,” तो म्हणायचा. “आपल्या चांदणी चौकात थांबतं का कोणी?”

नुसत्या जुन्याच नव्हे, नव्या कन्सोलचीही खडान्‌खडा माहिती त्याला असायची. कुठला कधी येणार, कुठल्या गेमची तारीख पुढे गेली, सगळं. बसमधल्या पोरांना त्याचं फार कौतुक.

“काका, ट्रेलर पडला, बघितला?” वारज्याला चढता चढता पायल विचारायची.

“पहाटेच. तारीख पुढे गेली. आता फेब्रुवारी.”

“काका, तुम्ही ड्रायव्हर आहात की यूट्यूबर?” मागून आयुष.

“दोन्हीकडे शिव्याच जास्त पडतात.”

ट्रेलर ‘मिठाच्या राज्या’चाच होता. तोच गेम नव्या कन्सोलवर, नव्या चित्रांनी येणार होता. मोठ्या पडद्यावर ते मिठागर कसं दिसेल, याचा विचार करत धम्मदीप सिग्नलला उभा राहायचा आणि मनातल्या मनात खूश व्हायचा.

एका मंगळवारी, जेवण झाल्यावर, तो तिसऱ्या बंदराच्या गोदामात शिरला. तिथे उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक पेटी असते, तिच्यात औषध. वीसेक वेळा तरी त्याने ती उघडली असेल. त्या दिवशी पेटी नव्हती.

तो दोन पावलं पुढे गेला. पेटी आली. दोन पावलं मागे आला. पेटी गेली.

त्याला हसूच आलं. जुन्या यंत्राची ताकद तेवढीच, एका ओळीत फार चित्रं जमली की ते एखादं गाळून टाकतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या ड्रायव्हरला त्याने ते समजावूनही सांगितलं. नंतर हात धुताना मात्र मनात आलं, गोदामात तर ती मुलगी आणि पेटी, दोनच चित्रं होती. गर्दी होती कुठे?

गुरुवारी सकाळी वारज्याच्या पुलाखाली तो उजवीकडे वळत होता. रस्ता मोकळा होता. त्याने बघितलं होतं, शपथेवर सांगितलं असतं, मोकळा होता. आणि बसच्या नाकापुढे एक स्कूटर. हवेतून उतरावी तशी. ब्रेक दाबला तेव्हा आयुषचा डबा गडगडत पुढे आला, कुणाचं तरी कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

स्कूटरवरची बाई ओरडली, “डोळे फुटले का तुमचे? केव्हाची हॉर्न वाजवतेय!”

“तुम्ही काय उडत आलात का?” हाही ओरडला. बसमधले सगळे त्याच्याच बाजूने बोलले. काकांची चूक नसणारच. बारा वर्षांत एक ओरखडा नाही. त्यालाही ते पटलं. पण दिवसभर त्या बाईचा हात त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. ब्रेकवर आवळलेला तो हात.

रविवारी गेमच्या कॅसेटसकट कन्सोल घेऊन तो नारायण पेठेत गेला. तिथे गोपाळकृष्ण म्हणून सत्तरीचे गृहस्थ आहेत. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता जे येईल ते. दुकानात पाटी आहे, ‘झालं का, असे विचारल्यास आणखी दोन दिवस लागतील.’

“काय झालंय?”

“कॅसेट खराब झालीय बहुतेक. मधूनच वस्तू गायब होतात.”

“आमच्याही घरात होतात. पण आम्ही कॅसेटला दोष देत नाही.” त्यांनी कॅसेट काढली, तिचे पितळी दात पुसले, परत बसवली, गेम सुरू केला. “दाखवा, काय गायब होतं.”

धम्मदीपने मुलीला गोदामात नेलं आणि मधोमध उभं केलं. “बघा. त्या कोपऱ्यात पेटी हवी. नाही.”

गोपाळकृष्णांनी चष्मा वर केला. “आहे की.”

“कुठे?”

“ही काय.” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

धम्मदीप मुलीकडेच बघत होता. त्याला म्हाताऱ्याचं बोट दिसलं, मधल्या पेरापर्यंत. पुढचं नव्हतं. कापलेलं नव्हतं, धूसर नव्हतं, काळंही नव्हतं. पेराच्या पुढे सरळ गोदामाची फरशी होती. त्याने नजर वर नेली. बोटाला नखासकट टोक आलं, आणि टोकाखाली पेटी.

त्याने कन्सोल हळूच टेबलावर ठेवला.

“कॅसेटमध्ये दोष नाही,” गोपाळकृष्ण म्हणाले. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. “आपण जरा डोळे दाखवून या. उद्यावर टाकू नका.”

घरी येऊन त्याने एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं वाचली. मग दुसरा झाकून. सगळी वाचता आली. तो जरा सावरला. लायसन्सला तरी आणखी काय विचारतात? तक्त्यावरची अक्षरंच ना? पण आई डोळ्यांपुढून जाईना. कांताबाई शेवटची सात वर्षं दापोडीच्या खोलीत भिंतीला हात लावून मोरीपर्यंत जायची. तीही आधी म्हणायची, मला सगळं दिसतंय रे, हे दारच मध्ये येतं.

सोमवारी तो बसवर गेला. गेला, कारण न जाण्याचं कारण काय सांगणार? दर चौकात त्याने मान गरागरा फिरवली. उजवीकडे बघितलं की डावं सुटल्यासारखं वाटायचं, डावीकडे बघितलं की उजवं. प्रत्येक मोकळा रस्ता खोटा वाटत होता. मोकळा आहे, की मला मोकळा दिसतोय? मागे चाळीस माणसं कानात गाणी घालून निवांत डुलक्या घेत होती.

“काका, मान अवघडलीय का?” पायलने विचारलं.

“उशी बदललीय.”

हिंजवडीला पोहोचल्यावर त्याला स्टिअरिंगवरून बोटं सुटी करावी लागली, एकेक. त्या दिवशी त्याने गेम बाहेर काढलाच नाही. संध्याकाळी परतीच्या वाटेवर अंधारून आलं, समोरचे दिवे डोळ्यांत फाकू लागले, आणि सिंहगड रोडवरच्या नांदेड फाट्यापर्यंत तो मनात नुसतं ‘पोहोचू दे, पोहोचू दे’ म्हणत राहिला. शेवटचा माणूस उतरल्यावर तो बसच्या पायरीवर बराच वेळ बसून होता.

मंगळवारी पहाटे नेहमीप्रमाणे दोघं बुद्धमूर्तीपुढे वंदनेला बसली. मंदाकिनीने मेणबत्ती लावली, फुलं वाहिली. पंचशील सुरू झालं. पहिलंच शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचं. लहानपणापासून रोज म्हटलेलं. त्या दिवशी ते त्याच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. मंदाकिनी एकटीच पुढे गेली, मग तीही थांबली.

“अहो, काय झालं?”

“काही नाही. घसा बसलाय.”

तो बाहेर आला आणि कंपनीच्या बसचं काम बघणाऱ्या सुदर्शनला फोन लावला. आज दुसरा माणूस दे, चष्मा करायला जायचंय. घरातही तेच सांगितलं, आणि स्कूटर काढून गल्लीगल्लीतून, सायकलच्या वेगाने, सदाशिव पेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात पोहोचला.

फॉर्मवर ‘व्यवसाय’ या रकान्यात त्याने नुसतं ‘नोकरी’ लिहिलं.

तक्त्यावरची शेवटची ओळही त्याने घडाघडा वाचली. छातीवरचा दगड हलला. पण डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांचा दाब मोजला, बाहुलीतून आत बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, “एक तपासणी अजून. कडेचं किती दिसतं ते बघू.”

खोली अंधारी होती. सृष्टी नावाच्या मुलीने त्याचा एक डोळा झाकला, हनुवटी टेकवायला लावली आणि हातात एक बटण दिलं. समोर मोठी पांढरी वाटी, मधोमध पिवळा दिवा.

“दिव्यावरून नजर हलवायची नाही, काका. आजूबाजूला बारीक ठिपका चमकेल. दिसला की दाबायचं.”

बटण हातात आल्यावर अंगठा आपोआप जागेवर बसला. ठिपका. दाबलं. ठिपका. दाबलं. मग काहीच नाही. आणि त्या काहीच नाहीमध्ये त्याला मशीनचा आवाज ऐकू आला. टक्. अगदी बारीक. प्रत्येक ठिपक्याआधी ते टक् व्हायचं. तीस वर्षं गेममधल्या राक्षसांचा ताल ओळखण्यात गेलेला माणूस तो, त्याला ते कळायला कितीसा वेळ लागणार! टक्, दाब. टक्, दाब. दिसो न दिसो. बस वाचत होती, नोकरी वाचत होती. त्याचा अंगठा सुसाट सुटला.

“थांबा, काका.” सृष्टीने खोलीतला दिवा लावला. “मशीन मधूनमधून ठिपका न दाखवता नुसता आवाज करतं. तुम्ही तेव्हाही दाबलंय. जवळजवळ दर वेळी.”

त्याने बटण मांडीवर ठेवलं. कान तापले होते.

“होतं असं. घाबरून दाबतात लोक. पुन्हा करू या.”

“नाही दाबलं तर काय होतं?”

“काही होत नाही. तेवढ्या जागी कागदावर काळं छापून येतं.”

तिने दिवा मालवला.

टक्. ठिपका. दाबलं. टक्. काहीच नाही. टक्. काहीच नाही. अंगठा बटणावर नुसता टेकलेला होता. टक्. कुठेतरी, त्याच्या डोळ्यांसमोरच, आत्ता एक ठिपका उजळला आणि विझला. टक्. अजून एक. वाटी पांढरीशुभ्र, स्वच्छ, मोकळी. वारज्याच्या पुलाखालचा रस्ता असाच मोकळा होता. टक्. ती बाई हॉर्न वाजवत होती, केव्हाची. टक्. टक्. त्याने मोजले, सलग सात. त्याला वाटलं ओरडावं, दिवा लावा म्हणावं, उठून पळावं. तो उठला नाही. अंगठाही दाबला नाही. झाकलेल्या डोळ्याच्या पट्टीखालून पाणी आलं आणि हनुवटीपर्यंत गेलं, ते त्याने पुसलंही नाही, कारण नजर हलवायची नव्हती.

कागद बाहेर आले. दोन्ही डोळ्यांच्या गोलात उजवीकडे वर काळं पसरलेलं होतं, शाई सांडल्यासारखं.

“काचबिंदू आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गेलेलं परत येत नाही. राहिलेलं राखायचं. रोज थेंब, एक दिवस चुकवायचे नाहीत. घरात कुणाला होतं?”

“आईला. आम्ही मोतीबिंदू समजत होतो. पिकायची वाट बघत राहिलो.”

त्यांनी ते लिहून घेतलं. त्याने विचारलं, “फेब्रुवारीपर्यंत राहील का नजर?”

“फेब्रुवारीत काय आहे? मुलीचं लग्न?”

“नाही... एक गेम येणार आहे.”

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “थेंब घातलेत तर असे बरेच फेब्रुवारी बघाल. नाही घातलेत तर मी काही सांगू शकत नाही. काम काय करता? इथे नुसतं नोकरी लिहिलंय.”

अजूनही क्लार्क म्हणता आलं असतं. तक्त्याची शेवटची ओळ वाचता येत होती. उद्या बसवर चढला असता तर त्याला कुणी हटकलं नसतं, ना सुदर्शनने, ना पायलने.

“कंपनीची बस चालवतो,” तो म्हणाला. “चाळीस माणसं असतात.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “शेवटची कधी चालवलीत?”

“काल.”

“आणि उद्या? बस चालवू नये असं मी कागदावर लिहीन, ओव्हाळ. पण सकाळी तिथे मी नसणार.”

दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून त्याने सुदर्शनला फोन केला. गाड्यांच्या आवाजात दोनदा सांगावं लागलं.

“म्हणजे उद्याही सुट्टी?”

“सुट्टी नाही रे. मला कडेचं दिसत नाही. मला स्टिअरिंगवर बसवू नकोस. मी विनवण्या केल्या तरी.”

 “ऑफिसात येऊन भेटा. बघू काय करता येतं ते.” त्या ‘बघू’चा अर्थ काय घ्यायचा, ते त्याला कळलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याला उद्या सकाळी उठून काय करायचं ते माहीत नव्हतं.

मग त्याने घरी फोन लावला.

मंदाकिनी रिक्षाने आली. साडीला अजून कणकेचा हात पुसलेला होता. त्याने पायरीवरच सगळं सांगितलं, गोदाम, बाई, बटण, सगळं. तिने कागद उलटसुलट करून त्या काळ्या डागांवरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाली, “चष्मा म्हणालात मला.” मग त्याच्या हातातून स्कूटरची किल्ली घेतली. स्कूटर ती चाळिशीत शिकली होती, तेही भाजीमंडईपुरती.

तो मागे बसला. टिळक रोडला लागेपर्यंत प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी त्याने मान वळवून बघितलं, कधी या खांद्यावरून, कधी त्या.

“अहो, हलू नका. तोल जातो माझा.”

“उजवीकडून टेम्पो येतोय.”

“दिसतोय मला,” ती म्हणाली, आणि ब्रेक दाबला.