मामांचा पिच्चर

माझ्या बायकोच्या मामांना सिनेमातलं काही कळत नाही, असं म्हणणारं माणूस उभ्या शेलूबाजारात एकच आहे, आणि ते म्हणजे आमच्या मामी. बाकी गाव मामांचा निकाल लागल्याशिवाय तिकिटाला हात लावत नाही. मामांची पिठाची गिरणी आहे. दळण घेऊन आलेल्या माणसाला गहू दळून होईपर्यंत कुठे जाता येत नाही, आणि ही सोय पाहूनच मामांनी गिरणी टाकली असावी असा मला दाट संशय आहे. पट्टा फिरू लागला की मामांचं परीक्षण सुरू होतं, तेही गिरणीच्या आवाजाच्या वरच्या पट्टीत. "पैला भाग बारीक दळला, दुसऱ्यात नुसता कोंडा!" एवढं ऐकून माणूस डबा डोक्यावर घेतो आणि त्या सिनेमाचा नाद सोडतो. नवे सिनेमे मामा मोबाइलवर पाहतात, तेही गिरणी चालू असताना, पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून. अर्थात एक अक्षर ऐकू येत नाही. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "ऐकू आलं तं कोणताबी पिच्चर चांगला वाटते, जवाईबापू. मुका पाह्यला पायजे. मंग समजते कोण काम करून राह्यला अन् कोण नुसता उभा हाय."

जुन्या सिनेमांविषयी त्यांची मतं त्याहून ठाम. लहानपणी पोहरादेवीच्या यात्रेत तंबूतली टॉकीज यायची, आणि पुढची जागा भरली की उरलेली माणसं पडद्याच्या मागे बसायची. मामा कायम मागे. त्यामुळे जुने सगळे नायक डावखुरे होते आणि त्या काळी बायका पदर उजव्या खांद्यावर घेत, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सत्य आहे. पुढे त्यातलाच एक सिनेमा टीव्हीवर लागला, तर मामा संतापून उठले. "हा थो नाईच! कोणं तरी नवा काढून इकून राह्यला." शिवाय नायकाकडे ते सहसा बघतच नाहीत. त्याला पाहायला बाकीचे लोक आहेत म्हणतात. मामांचं लक्ष कोपऱ्यात. गाण्यात मागून घागर घेऊन जाणारी बाई पुन्हापुन्हा तीच आहे हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. "इच्या घरी पाणी पेतात का म्हशी धुतात?" नात्यातल्यांनाही सूट नाही. आमच्या लग्नाचं शूटिंग त्यांनी सगळ्यांसमोर पाहिलं आणि सांगितलं, "पोट्टीचं काम चांगलं हाय. जवाई कॅमेऱ्याकडं लय पाह्यते." हे परीक्षण मला अजून सासरी ऐकावं लागतं.

अशा माणसाच्या गावात एके दिवशी खरोखरच शूटिंगवाले आले. हायवेवरच्या जीप स्टँडवर लेकीला सासरी पाठवण्याचा प्रसंग घ्यायचा होता. गिरणीचा आवाज मध्ये येतो म्हणून दिग्दर्शक ती बंद करा सांगायला आला, आणि भुवयांपर्यंत पिठाने पांढरे झालेले मामा पाहून तिथेच थांबला. नवरीच्या बापाचं काम करणार का, असं त्याने विचारलं. वाक्य एकही नव्हतं. जीप निघते, बाप उभा राहतो, एवढंच. मामी सांगतात, जीप हलली आणि मामा असे रडले की शूटिंगवाले "कट" म्हणायचं विसरले. जीप पार वळणाच्या पलीकडे गेली, तरी मामा रडतच होते.

सिनेमा लागला तेव्हा बायको आणि मी मुद्दाम शेलूबाजारला गेलो. अर्धं गाव जीपगाड्या करून वाशीमला निघालं. टॉकीजमध्ये मामांना मधली खुर्ची मिळाली. तो प्रसंग आला. नवरी जीपमध्ये बसली, जीप निघाली, धूळ उडाली, आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर शहरातला फ्लॅट आला. मामा कुठेच नव्हते. आमच्या रांगेत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. परतीच्या वाटेवर मामा खिडकीबाहेर पाहत बसले आणि बाकीच्या गाडीने पावसापाण्याच्या गप्पा काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवर एवढी गर्दी झाली की काहींच्या डब्यात जेमतेम मूठभर ज्वारी होती. मामा काय बोलतात याची मलाही विलक्षण उत्सुकता होती. सिनेमाला शिव्या दिल्या असत्या तरी कुणी नाव ठेवलं नसतं. अखेर एकाला राहवलं नाही.

"मामा, तुमाले तं कापलंच राज्या!"

मामांनी गिरणी बंद केली. परीक्षणासाठी गिरणी बंद करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

"पिच्चर चांगला हाय. पाहा साऱ्यायनं. अन् मले कापलं थे बराबर केलं. पाहणारा माणूस पोरीसंग जीपमंदी बसेल राह्यते. त्याले मांगं कायले वढाचं? मी दिग्दर्शक असतो तं मीबी कापलं असतं."

एवढं बोलून त्यांनी खटका दाबला आणि ज्वारी ओतली. लोक जरा वेळ उभे राहिले आणि आपापल्या कामाला गेले.

दुपारी गिरणी रिकामी झाल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो. म्हटलं, "मामा, त्या दिवशी एवढं रडू कसं आलं?"

त्यांनी उपरण्याने भुवया झटकल्या. "आपली मोठी पोट्टी पुण्याले गेली ना लग्न होऊन, तवा तिची जीप याच स्टँडवून निंघाली. सारे गेलते पोचवाले. मी म्हटलं, लाइट आली, दळण पडेल हाय, अन् गिरणीवर येऊन बसलो. मले उभंच राहवलं नसतं तिथी. तिनं जीपमंदून लय पाह्यलं म्हणे इकडं तिकडं." त्यांनी पट्ट्यावरचं पीठ हाताने पुसलं. "त्या दिग्दर्शकानं म्हटलं ना, जीप निंघते अन् तुमी उभे राहा. उभा राह्यलो."

"मग सीन कापला त्याचं काहीच वाटलं नाही?"

"पिच्चरसाठी नाई वाटलं. पण पोट्टीनं पाह्यला असता." मग एकदम माझ्याकडे वळून, एखाद्या नव्या सिनेमाची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "जवाईबापू, तुमी तं शिकेल माणूस. असं कापेल जे राह्यते, थे फेकून देतात का ठेवतात कुठी?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "ठेवत असतील, मामा."

"ठेवत असतीन," मामा म्हणाले, आणि रस्त्याकडे पाहत राहिले.