वाफेच्या टाकीवरचे धर्माकाका

धर्माकाका जेवायला बसले की डबा उघडून आधी माझ्या नाकाखाली धरत. "वास घ्या नं, सायेब. काय काय घातलंय तिनं?" मी सांगे, लसूण जास्त, कोकम बेताचं, बोंबील कालच्यापेक्षा उग्र. ते मान डोलावत नीट ऐकत आणि मगच पहिला घास घेत. मला तो त्यांचा पाहुणचार वाटे.

पनवेलजवळच्या आमच्या कारखान्यात मी यंत्रांचे सुटे भाग मोजून तपासत असे. माझ्याकडे येण्याआधी त्यांच्यावरचं तेल काढायचं काम काकांचं. टाकीच्या तळाशी ट्रायक्लोर, म्हणजे तेल विरघळवणारं रसायन, सत्त्याऐंशी अंशांवर उकळे. त्याच्या वाफेत भागांची टोपली सोडायची आणि हळू वर घ्यायची. टाकीच्या कडेने थंड पाण्याची नळी फिरवलेली, म्हणून वाफ बाहेर येत नसे. "निजलेलं पोर उचलता तशी उचला," काका नव्या माणसाला सांगत. "वाफ जागी झाली तर आपल्याला निजवंल."

नळीचं पाणी थांबलं तर ते वासावरूनच कळायचं, दुसरं साधन नव्हतं. म्हणून टाकीवर तिखट नाकाचाच माणूस ठेवत. पुढे ध्वनिलहरींनी भाग धुणारं नवं यंत्र आलं आणि टाकीवरच्या दोघांना घरी बसवलं; काका तेवढे राहिले. काका तेव्हा म्हणाले, "जमीन प्रकल्पात गेली. आता ही टाकीच माजं शेत."

एका उन्हाळ्यात भर दुपारी पाणी बंद पडलं. तो गोडसर वास चाळीसेक फुटांवरच्या माझ्या टेबलापर्यंत आला. नाकाला रुमाल लावून मी ओरडलो, "काका, मागे व्हा! वास येत नाही का?"

ते टाकीवर वाकून निवांत टोपली वर घेत होते. "येतोय नं," हसून म्हणाले आणि तिथेच कोसळले. चार दिवसांनी इस्पितळात वारले.

महिन्याभराने त्यांच्या गावी गेलो. काकींनी जेवायला वाढलं.

"घरी आल्या आल्या सांगायचे, आज लसूण जास्त झाला, कोकम कमी पडलं. एवढं तिखट नाक! मंग टाकीचा वास कसा नाय आला, सायेब?"

माझा घास हातातच राहिला. लसूण, कोकम, सगळे शब्द माझे होते. काकांचं नाक केव्हाच गेलं होतं, आणि ते त्यांनी घरीसुद्धा कळू दिलं नव्हतं.

"वारा उलटा होता," मी म्हणालो.

"असंल," त्या म्हणाल्या आणि ताटात आणखी कालवण वाढलं. "तुमी तरी सांगा, लसूण बरोबर पडलाय का?"