कपाटात पडून राहिलेला रेग्युलेटर

तुमचा बाबा समुद्राजवळच्या सिरुसेरीत नोकरीला होता तेव्हा त्याला डायव्हिंगचा नाद लागला. सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारा त्याचा रेग्युलेटर दोन वर्षं कपाटात पडून होता. सर्व्हिसिंग न करताच तो घेऊन बाबा दुसऱ्या दिवशी समुद्रात उतरणार, हे कळताच मी त्याला अडवलं.

"अगं आई, वापरलाच नाही, तर बिघडेल कसा?"

"कुकरची रिंग नुसती ठेवली तरी कडक होते ना?"

मला गप्प करायला त्याने सिलिंडरकडचं टोक झाकणाने बंद केलं आणि दुसऱ्या टोकाने श्वास ओढला. काहीच यायला नको होतं, पण हवा आली; आतलं रबर कुठेतरी चिरलं होतं. त्याचं हसू मावळलं. समुद्रात तिथूनच पाणी तोंडात आलं असतं.

तो गेला नाही. बाळांनो, वापरा किंवा नका वापरू, दरवर्षी रेग्युलेटर तपासून घ्या. मला अजून धास्ती वाटते.