पेपरातलं उदाहरण

माहिती सुरक्षेच्या ऑनलाइन एमएस्सीचा पेपर मी तिरोड्याजवळच्या आमच्या घरी, तांदळाच्या कोठीच्या खोलीत बसून देत होते. नेट फक्त तिथंच टिकतं. कॅमेऱ्यातून पहारा ठेवणाऱ्या पर्यवेक्षकाला आधी अख्खी खोली फिरवून दाखवली, दाराला कडी लावली. प्रश्न होता: गोड बोलून अनोळखी माणसाकडून गुप्त माहिती कशी काढतात, ते उदाहरणासह लिहा. आठवडाभर हेच वाचलं होतं आणि आता एक उदाहरण सुचेल तर शपथ.

तेवढ्यात मागच्या दारानं आई तांदूळ घ्यायला सूप घेऊन आली. ते दार मी विसरलेच होते.

"कमरे में कौन है?" पर्यवेक्षक गरजला.

"मी हिची माय," आई म्हणाली. "तू कोन गा? कोन्या गावचा?"

त्यानं पेपर रद्द करायला हवा होता. त्याऐवजी त्यानं गाव सांगितलं. निघालं बालाघाटकडचं, म्हणजे आमच्या शेजारचंच. मग काय, आईनं सूप कोठीवर टेकवलं. भाऊ किती, बहिणी कुठं दिल्या, आजोळ कोणतं, असं करत करत तिनं त्याच्या आईचं माहेरचं आडनावसुद्धा काढून घेतलं. बँका ओळख पटवायला विचारतात, तेच. पेपरात बोलायला मनाई फक्त मला होती.

"चाची, अब पेपर होने दीजिए," तो नरमून म्हणाला.

मी लगेच उत्तर लिहायला घेतलं. आई तांदूळ घेऊन दारात थांबली.

"पोरगा गुनाचा दिसते," ती म्हणाली. "लगन झालं का, तेवढं तू इचारून घेजो."