माझ्या नावाची सव्वा मूठ

एका श्रावणात शनिवार ते सोमवार असे तीन दिवस मी मेलेलो होतो. त्याला माझ्याशिवाय दुसरं कुणीही जबाबदार नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी धुळ्यात मास्तर होतो आणि देवपुरात दोन खोल्यांत बायकोसह, म्हणजे सुमतीसह, राहत होतो. त्याच सुमारास मी देव मानणं सोडलं. सोडलं तर माणसाने गुपचूप सोडावं की नाही? पण तंबाखू सोडलेला माणूस जसा भेटेल त्याला ते सांगत सुटतो, तसं माझं झालं होतं. न्हाव्याकडे, भाजीवालीपाशी, पांझरेच्या पुलावर फिरायला येणाऱ्या पेन्शनरांत, कुठेही विषय निघाला (नाही निघाला तर मी काढायचो) की मी जाहीर करायचो, की आपण देवबिव काही मानत नाही. लोक "असं का" म्हणून पुढे चालू लागायचे. कुणी वाद घालत नाही याचं मला फार वाईट वाटायचं. घरी तर मी श्रावणातही मुद्दाम कांदा चिरायला लावायचो. (चिरायची सुमती. क्रांतीची कामं वाटून घ्यावी लागतात.) हा कांदा पुढे मला नडला.

अशात गावाहून नाना आले. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील मी लहान असतानाच गेले आणि घर नानांनी सांभाळलं. नाना आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. तेवढ्यावर भागलं असतं, पण दुसराही खोटं बोलत नाही असं ते धरून चालत. ते मला कानबाईचं आमंत्रण द्यायला आले होते.

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशाची माहेरवाशीण देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी नदीत जाते. तिचा प्रसाद म्हणजे रोट. शनिवारी घरातला कर्ता माणूस आंघोळ करून बसतो आणि कुळातल्या एकेका पुरुषाचं नाव घेत सव्वा सव्वा मूठ गहू सुपात टाकतो. पाळण्यातल्या पोरालाही त्याची मूठ असते. त्या पिठाचा रोट फक्त कुळातल्या माणसांनी खायचा. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा तो मिळत नाही. मुलगा झाला की सुपात एक मूठ वाढते. माणूस गेला की त्याची मूठ थांबते. मूठ थांबायला आणखी काही कारण असू शकतं, हे आमच्या कुळात कधी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

नाना आले तेव्हा माझ्याकडे शाळेतले तीन मास्तर बसलेले होते. म्हणजे श्रोते होते. मी नानांना वीस मिनिटं व्याख्यान दिलं. नानांनी बशीतला चहा संपवला आणि शांतपणे आमच्या अहिराणीत विचारलं,

"कानबाईले बी नही मानस?"

"कानबाईलाही नाही."

"बरं," म्हणाले, आणि टोपी घालून निघाले. म्हाताऱ्याला पटवून दिलं, असं मी मास्तरांना सांगितलं. नानांना खरोखरच पटलं होतं, आणि सगळा घोटाळा त्यातच झाला.

शनिवारी गावात काय घडलं ते मला मागाहून कळलं. नाना सुपासमोर बसले. मागे जात्यापाशी माझी आई गव्हाची वाट बघत होती. नाना एकेक नाव घेत चालले. दरवर्षी नऊ नावं व्हायची, या वर्षी आठ झाली. नानांनी माझ्या चुलतभावानंतर थेट त्याच्या पोरांची नावं घेतली आणि सूप पुढे सरकवलं. त्यांच्या मनात राग नव्हता. जो माणूस स्वतःच्या तोंडाने नाही म्हणतो, त्याच्या नावाने देवीपुढे खोटी मूठ कशी टाकायची, एवढाच त्यांचा हिशेब. माझ्या मतांचा इतका मान त्याआधी आणि त्यानंतर कुणीही राखलेला नाही.

नेमकी तेव्हा माझी आत्या, जिजी, चाळीसगावहून येऊन दारात उभी होती. तिने आठ मुठी मोजल्या. नानांचा उतरलेला चेहरा पाहिला. कुणी काही बोलत नाही हे पाहिलं. आणि ती सगळं समजून चुकली. वसंता (म्हणजे मी) गेला. आत्ता सांगितलं तर सुतक लागेल, कानबाई राहून जाईल, म्हणून भावाने सोमवारपर्यंत तोंड मिटलंय. शहाणी बाई असली की प्रश्न विचारून देवीचं काम मोडत नाही. जिजीने तोंडाला पदर लावला, पिशवी उचलली आणि आल्या पावली सर्व्हिसच्या मोटारीने परत गेली. घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि मग मोकळ्या गळ्याने रडली. रविवारी दुपारी ही बातमी चाळीसगावहून गाडीत बसून जळगावला माझ्या मामांकडे पोचली.

मामा सोमवारी दुपारी देवपुरात उतरले. श्रावणी सोमवारची शाळेला अर्धी सुट्टी होती. (ती मात्र मी मानत असे.) मी मोरीत हातपाय धूत होतो. सुमती नुकतीच न्हाऊन, केस मोकळे सोडून, कपाळाला काही न लावता बसली होती. समोर विळी, विळीपुढे माझा क्रांतिकारक कांदा, आणि डोळ्यांतून धारा. एवढा पुरावा मिळाल्यावर कुठला मामा चौकशी करत बसेल? त्यांनी उंबऱ्यातच बसकण मारली आणि ते माझे गुण सांगू लागले. मी मोरीत उभा राहून ऐकत होतो. हुशार होता, मनमिळाऊ होता, इथपर्यंत मला बाहेर यावंसं वाटेना. मग ते म्हणाले, "जरा बडबड्या होता, पण आता काय." तेव्हा मी टॉवेल घेऊन बाहेर आलो.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. हळूच म्हणाले, "वसंता, आधी गावी जा. मी गावावरूनच येतोय. देवीचं काम मोडू नये म्हणून तिथे कुणाला काही विचारलं नाही. अक्का शनिवारपासून जेवलेली नाही."

अक्का म्हणजे माझी आई.

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे आणि लोक पोट धरून हसले आहेत. पुढची सांगत नाही. आज सांगतो.

माझा एक थोरला भाऊ होता. विषमज्वर झाला म्हणून त्याला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि तो गेल्यावर दोन दिवस आईला कुणी सांगितलं नव्हतं. तो धुळ्याला आहे, बरा आहे, असंच सगळे म्हणत राहिले. त्या दोन दिवसांत तिने त्याच्यासाठी लाडू केले होते. त्यानंतरच्या श्रावणात सुपातली एक मूठ कमी झाली. वडिलांची तर आधीच थांबली होती. दोन्ही वेळा जात्यापाशी आईच बसलेली होती. आता तिसऱ्यांदा मूठ कमी पडली, जिजी तोंडाला पदर लावून निघून गेली, आणि आईने धीर करून पुतण्याकरवी नानांना पुसलं तेव्हा नानांचं उत्तर आलं, की वसंता धुळ्याला आहे, बरा आहे. नाना खरंच सांगत होते. पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही, आणि ती माझी आई होती.

मी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. कानबाई केव्हाच नदीत गेली होती. आई जात्यापाशीच बसली होती. मी पुढ्यात जाऊन बसलो. तिने माझ्या तोंडावरून, खांद्यांवरून हात फिरवला, दोन्ही हातांची बोटं चाचपून पाहिली.

"जित्ता शे," ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच. "नाना खरं बोलनात." नाना खरं बोलले होते, हे तिला आता पटलं.

मला त्या वेळी जमिनीत जावंसं वाटलं. वीस मिनिटांच्या व्याख्यानात मी सगळ्या मुद्द्यांचा विचार केला होता, फक्त या बाईचा केला नव्हता.

नानांनी तिच्यासाठी रोटाचं ताट वाढून आणवलं. माझ्यासाठी आणवलं नाही. माझी मूठ त्यात नव्हती, मग मला रोट कसा मिळणार? आईने ताटाकडे पाहिलं. मग थोरल्या दिरासमोर कधी तोंड न उघडलेली माझी आई, डोक्यावरचा पदर पुढे ओढून, भिंतीकडे बघत बोलली.

"चाळीस वरीस मी दळी ऱ्हायनू. मन्ही मूठ कधी पडनी का यामा?"

चाळीस वर्षं ती मानत होती आणि तिची मूठ नव्हती. मी मानत नव्हतो आणि माझी एवढी वर्षं होती. हे आमच्या घरातल्या एकाही पुरुषाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि त्यात सगळ्यांत जास्त शिकलेला मीच होतो.

तिने ताट सरकवलं, चूल पेटवली आणि दोन भाकरी थापल्या. आम्ही दोघं चुलीपाशी बसून ठेच्याशी भाकर खाल्ली. आई नेहमी सगळ्यांच्या मागून जेवायची. तिच्यासोबत एका ताटात मी त्याआधी कधी जेवल्याचं मला आठवत नाही, आणि पुढे तशी वेळ आली नाही. त्याच माघात ती छातीच्या दुखण्याने गेली.

पुढच्या श्रावणात शनिवारी सकाळीच मी गावी हजर झालो. नाना सुपासमोर बसलेले. आठ नावं झाली, आणि त्यांचा हात थांबला.

"मानस का आते?" त्यांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. पण नानांशी खोटं बोलायचं मला जमेना. "नाही," मी म्हणालो, "माझी नकोच. आईची टाका."

नानांनी मुठीतले गहू परत खाली सोडले. बाईची मूठ टाकत नाहीत. गेलेल्या माणसाची तर नाहीच नाही. असं काही केलं तर पाप लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं.

"तू टाक," ते म्हणाले. "तू मानस नही. तुले काय पाप लागी?"

मी आईचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकले.

तेव्हापासून भाऊबंदांत माझी ख्याती झाली आहे. आपल्या मायची, बहिणीची, मेलेल्या लेकीची मूठ ज्याला टाकायची असेल तो आधी मला पत्र धाडतो, कारण वसंतामास्तरला पाप लागत नाही. सगळा खानदेश पालथा घातला तरी कानबाईला माझ्याइतका कामाला येणारा भक्त सापडायचा नाही. मी दर श्रावणात शनिवारी आंघोळ करून, टोपी घालून, वेळेवर सुपासमोर बसतो आणि लोकांना सांगतो, की आपण देवबिव काही मानत नाही. लोक "असं का" म्हणतात आणि सूप पुढे करतात. आईचं नाव आलं की मी मूठ जरा मोठीच घेतो.